आखूड होत गेलेली यादी

“दोन तास बस माझ्याजवळ, तोवे. एकदा सगळं लिहून घे,” मार्चमध्ये, निवृत्तीच्या दिवशी, निरोपाच्या केकचा तुकडा तिच्या हातात देत सिक्स्टन म्हणाला होता. “इस्पितळाच्या आणि आपल्या यादीची ही जोडणी कुठेच नोंदलेली नाही. फक्त माझ्या डोक्यात आहे, आणि डोकं उद्यापासून मासे पकडायला जाणार.”

“पाळणाघर पाचला बंद होतं हो!” कोट चढवत तोवे हसली होती. “अकरा वर्षं बिनतक्रार चालतोय तुमचा प्रोग्रॅम. आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त जगेल तो.”

आता जुलै होता. नगरपालिकेचं अर्धं कार्यालय सुट्टीवर गेलेलं. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी मदतनिसांच्या ज्या भेटी ठरायच्या, त्यांची यादी तोवे रोज सकाळी उघडायची. यादी आखूड होत चालली होती. उन्हाळ्यात सगळंच मंदावतं, म्हणून तिला बरंच वाटायचं. झोपलेल्या लेकीच्या नाकाशी बोट धरून पाहणारी तोवे, पण यादीकडे तिने दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

मदतनीस आग्नेता बूट न काढताच आत आली.

“बेर्गक्विस्टबाई इस्पितळातून घरी येऊन अकरा दिवस झाले म्हणे. शेजारीण सांगत होती.”

“यादीत नाहीत त्या.”

“तेच सांगतेय ना. मी दार उघडून आले.” आग्नेताने किल्ली टेबलावर ठेवली आणि कोरडेच हात पुसत राहिली. “पोलिसांना कळवलंय.”

इस्पितळात भरती झालेल्याचं नाव भेटींच्या यादीतून निघायचं. तिथून सुटलेल्यांची नावं, जुनी असोत वा नवी, उचलून यादीत घालायची, एवढंच सिक्स्टनचा प्रोग्रॅम करायचा. चालायचा तो त्याच्या खात्यावरून. काही बिघडलं तर संदेशही त्यालाच जायचा. निवृत्तांची खाती तीन महिन्यांनी बंद करायचा नियम होता, आणि सिक्स्टनचं खातं बंद करायच्या फॉर्मवर सही तोवेची होती.

तिने इस्पितळाला फोन लावला. परिचारिका एकेक नाव सांगत गेली, तोवे लिहीत गेली, आग्नेता दुसऱ्या फोनवरून माणसं धाडत गेली. सहा नावं झाली.

“आणि सिक्स्टन हॉल्मग्रेन. खुब्याचं हाड मोडलेलं. सतरा दिवस झाले सोडून. एकटेच असतात, पण काळजी करू नका म्हणाले. माझं नाव यादीत आपोआप जातं म्हणाले.”

तोवे यादीतल्या घरांच्या किल्ल्या ठेवायच्या कपाटाशी गेली. त्याच्या घराची किल्ली तिथे नव्हती. ती आणायला कुणी गेलंच नव्हतं.

ऑगस्टमध्ये एका दुपारी सिक्स्टनचा प्रोग्रॅम वाचत, ती जोडणी लिहून काढायला तोवे कार्यालयात बसली; विचारायला आता तो नव्हता. लेकीला त्या दिवशी पाळणाघरातून नवऱ्याने आणलं. लिहायला बरोबर दोन तास लागले. कागदाच्या तळाशी तिने हाताने एक ओळ वाढवली:

‘हे वाचणाऱ्याला विनंती. तुमच्याकडची अशी जोडणी ज्याने बांधली, तो एकटा राहत असेल, तर आधी त्याचं दार वाजवून या. आजच.’