बॉनेट उघडं ठेवून

घरात सगळ्यांत धाकटा म्हणून त्याला बारक्या म्हणत. पुढे तो गॅरेजच्या लहान दारातून तिरका होऊन आत शिरण्याइतका रुंद झाला, पण नाव काही बदललं नाही. गाडीच्या वायरिंगमध्ये मात्र त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याने गाडी तपासून एकदा सांगितलं की ती दगडावरची रेघ. त्याच्या मोठ्या बहिणीचा, ताईचाही, त्याच्या शब्दावर तसाच विश्वास होता आणि पुढचं सगळं त्यामुळेच झालं.

ताईचे यजमान म्हणजे दाजी बेकरीतून पाव उचलून दुकानोदुकानी पोचवत. स्वतःची छोटी व्हॅन होती. माणूस मनाने चांगला, पण जिभेला हाड नाही. यांना उशीर झाला की वाटेत हटकून एखादा ट्रक उलटलेला असायचा. ताईचा वाढदिवस विसरले की नेमका त्याच दिवशी कुणीतरी जुना मित्र मरणाच्या दारात असायचा. तो मित्र आजवर कोणी पाहिला नव्हता. बरं, तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगताना ट्रकचे दोन ट्रक व्हायचे. बारक्या सगळं हं हं करत ऐकायचा आणि मनातल्या मनात निम्मं सोडून द्यायचा.

अशा या दाजींची व्हॅन एका दुपारी धो धो पावसात पुलाजवळच्या वळणावर कठड्याला धडकली. त्यांची आठ वर्षांची मुलगी मागच्या सीटवर झोपली होती, ती खाली आदळली आणि तिचा हात मोडला. दाजींना मात्र साधं खरचटलंही नाही आणि हेच त्यांना नडलं. दवाखान्यात ते ताईला म्हणाले, वायपर चालता चालता मध्येच बंद पडला, समोरचं काही दिसेना, म्हणून खिडकीतून हात बाहेर काढून फडक्याने काच पुसत होतो, तेवढ्यात वळण आलं. ताईची नजर त्यांच्या खिशातल्या फोनकडे गेली. गाडी चालवताना फोन बघायची दाजींना खोड होती आणि त्यावरून घरात कितीदा तरी वाजलं होतं.

दुसऱ्या दिवशी व्हॅन ओढून गॅरेजमध्ये आणली, तिच्या मागोमाग ताई आली. रात्रभर जागून तिचे डोळे सुजले होते.

"तू फक्त वायपर बघ," ती म्हणाली. "बिघडलेला निघाला तर मी यांना आयुष्यात कधी काही विचारणार नाही. पण चांगला निघाला, तर पोरीला घेऊन मी तुझ्याकडे येते ती कायमची. आणि माझ्यासाठी म्हणून गोड काही सांगू नकोस."

पुढचा एक दिवा आणि त्या बाजूचं मडगार्ड चेमटलं होतं, बाकी गाडी धड होती. दोन्ही वायपर काचेच्या मध्यावर उभे होते. बारक्याने ते पाहिलं आणि सोडून दिलं. धडकल्यावर चावी बंद केली की वायपर असतील तिथेच थांबतात, त्यात विशेष काही नाही. त्याने नेहमीप्रमाणे आधी बॉनेट उचललं, दांडीवर टेकवलं आणि चावी फिरवली. वायपर निमूट चालू लागले. त्याने फ्यूज काढून पाहिला, मोटरचा प्लग उपसून पाहिला, दांड्या हलवून पाहिल्या, तारा ओढून पाहिल्या. मग काचेवर पाणी सोडून वायपर कितीतरी वेळ तसेच चालू ठेवले. ते एकदाही अडखळले नाहीत.

खरं सांगायचं तर त्याला आतून थोडं बरं वाटलं. इतक्या वर्षांत दाजींची एक तरी गोष्ट स्वतःच्या हाताने तपासता आली होती.

"वायपरला काही झालेलं नाही, ताई," तो म्हणाला.

त्याच संध्याकाळी ताई एक बॅग आणि प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवलेली पोरगी घेऊन त्याच्या घरी राहायला आली.

दाजी येत राहिले. दारातच उभे राहायचे, आत या म्हटलं तरी यायचे नाहीत. वायपर थांबला, हात बाहेर काढला, काच पुसत होतो. पुन्हा तेच, त्याच शब्दांत. एकदा पोरीनेच मधून विचारलं, बाबा, मामा तर म्हणतो वायपर चांगला आहे. दाजी तसेच मागे वळून निघून गेले. नंतर आले ते खाली मान घालून. फोन बघत होतो, चुकलं माझं, असं म्हणाले. ताई हमसून हमसून रडली आणि मग मोकळी झाली. निदान खरं बोललात, म्हणाली. व्हॅन विकायची आणि पोरीला गाडीत घेऊन कुठे जायचं नाही, या बोलीवर ती घरी परतली. पोरगी मात्र बापाच्या वाऱ्याला उभी राहीना. जेवायला बसायच्या आधी ती त्यांचा फोन उचलून कपाटात ठेवून यायची, हे ताईने बारक्याला कौतुकाने सांगितलं. बारक्याला ते ऐकून कसंतरी झालं, पण का ते त्याला कळलं नाही.

गिऱ्हाईक गाडी बघायला येणार म्हणून त्याने व्हॅन धुवायला घेतली. दिवा आणि मडगार्ड बदलून झाले होते. सगळीकडे साबण लावला, पाइपने पाणी मारलं आणि काचेवरचा फेस निपटायला आत बसून वायपर चालू केले. ते काचेच्या मध्यापर्यंत गेले आणि थांबले.

त्याने बटण खालीवर केलं. काही नाही. उतरून बॉनेट उचललं, तर वायपर आपले आपण चालायला लागले. त्याने बॉनेट खाली आणलं. वायपर थांबले.

मोटरच्या प्लगमधून त्याने एक लांब तार काढली, खिडकीतून आत आणून तिला टेस्टचा दिवा जोडला आणि बॉनेट लावलं. दिवा विझला. बॉनेट उचललं, दिवा लागला. मग तो बॉनेटच्या बिजागरीपाशी बोटाने तारा चाचपत बसला. एक तार तिथे अवघडून वळली होती. वरचं आवरण शाबूत, पण आत तांबं तुटलेलं. बॉनेट उघडलं की तार सैल पडायची आणि दोन्ही टोकं एकमेकांना टेकायची. बंद केलं की ताण बसून कधीतरी सुटायची. आणि वायपर बघायचा म्हटल्यावर जगातला कुठलाही मेकॅनिक आधी बॉनेट उघडतो.

दाजींची गोष्ट दुसऱ्यांदा सांगताना वाढते. ही वाढली नव्हती. ते त्याच्या लक्षात यायला हवं होतं.

संध्याकाळी दाजी गाडीची दुसरी चावी द्यायला आले. बारक्याने त्यांना बॉनेट उघडून आणि लावून दाखवलं. दाजींनी थांबलेल्या वायपरकडे पाहिलं. त्यांना ना आश्चर्य वाटलं, ना आनंद झाला.

"तू तपासून सांगितलंस तेव्हा मलाही वाटलं, आपलीच काहीतरी गफलत झाली असेल," ते म्हणाले.

"मग फोनचं का बोललात?"

"खरं सांगून दमलो रे. ते कोणाला पटेना. मग जे पटेल ते सांगितलं."

आयुष्यभर थापा मारलेल्या माणसाची ही एकच थाप घरादाराने खरी मानली होती. आणि ती त्यांना मारायला लावली कोणी, हे त्याला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती.

"वायर जोड आणि गाडी जाऊ दे," दाजी म्हणाले. "तिला वाटतंय, मी एकदा तरी खरं बोललो. तेवढं राहू दे."

ते गेल्यावर बारक्याने पक्कड हातात घेतली. एवढंसंच काम होतं. तुटकं कापायचं, नवा तुकडा जोडायचा, वर नळी चढवायची, तार बिजागरीपासून लांब बांधायची. कोणाला पत्ता लागला नसता आणि त्याचा शब्दही दगडावरची रेघ राहिला असता. त्याने पक्कड खाली ठेवली, गिऱ्हाइकाला येऊ नका म्हणून कळवलं आणि ताईला सकाळी गॅरेजमध्ये बोलावून घेतलं.

ताई आली तेव्हा बॉनेट उघडंच होतं. त्याने तिला चालकाच्या जागी बसवलं आणि वायपर चालू करायला सांगितलं. वायपर चालले. काय दाखवायचंय, असं तिने आतून विचारलं. त्याने काही न सांगता बॉनेट लावलं, पाइप उचलला आणि काचेवर पाणी सोडलं. वायपर मध्यावर थांबले. पाण्यामागे ताईचा चेहरा दिसेनासा झाला.

बटणाचा खटखट आवाज आला. परत आला. मग खिडकीची काच खाली गेली आणि ताईचा हात बाहेर आला. हातात रुमाल होता. ती काच पुसू लागली, पण हात कडेपर्यंतच पोचत होता. आणखी पोचावं म्हणून ती वाकली, तशी तिच्या दुसऱ्या हातातलं स्टिअरिंग फिरलं आणि पुढची चाकं भिंतीकडे वळली. ताईने चाकं घासल्याचा आवाज ऐकला. तिचा हात होता तिथेच राहिला.

बारक्याने पाणी बंद केलं.

"हे असंच सांगत होते," ती म्हणाली.

"हो. मी बॉनेट उघडं ठेवून बघितलं होतं, ताई. माझं चुकलं."

"आणि फोन?"

"फोन नव्हता. तू घरी यावंस म्हणून तसं बोलले."

ताई गाडीतून उतरली. बाही कोपरापर्यंत भिजली होती, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. बारक्याने पुन्हा बॉनेट उचललं आणि पक्कड घेऊन बिजागरीपाशी वाकला. तिने त्याचा हात धरला.

"अजून जोडू नकोस," ती म्हणाली. "मी पोरीला घेऊन येते. रोज त्यांचा फोन कपाटात ठेवून यायचं, हे तिला मीच शिकवलंय."