काकांची बसायची तालीम

"काका, बसा! खाली बसा! आपण आत्ता समुद्रावर आहोत!"

मी ओरडतेय, आणि काका तोवर दारापर्यंत पोचलेसुद्धा.

आम्ही होतो काकांच्या सलूनमध्ये. बाहेर 'बंद'ची पाटी. आत दोन मागे झुकणाऱ्या खुर्च्या. एकीत काकू, मांडीवर पर्स घट्ट धरून, दुसरीत काका, आणि मागे ट्रे घेऊन मी, हवाई सुंदरी. विमान नुकतंच उडालेलं आणि दार वाजलं. मास्तर! रोजचं गिऱ्हाईक.

"बंद आहे का हो?"

"विमान उडालंय," काकू खुर्चीतूनच म्हणाली.

"मग माझी दाढी?"

"उतरल्यावर!"

पण काकांनी एव्हाना ब्रश पाण्यात बुडवला होता. "या मास्तर, या. बसा." झालं! तालीम गेली पाण्यात. मग दिवसभर तेच, काका जरा टेकले की दार वाजायचं आणि काका उठायचे.

थांबा, नीट सांगते. ताई, म्हणजे काकांची एकुलती एक मुलगी, इतकी लांब राहते की आपण चहा प्यायला लागलो की ती जांभया द्यायला लागते. तिचा मुलगा शाळेत जायला लागला तरी आजी-आजोबांनी त्याला पाहिलंय ते फोनमध्येच. त्यातून काका फोन तोंडाजवळ धरतात. त्या पोराला वाटतं आजोबा म्हणजे एक मोठं नाक! ताई किती वर्षं म्हणतेय, या, या. पण काकांचे पाय. जन्म सगळा उभ्याने गेला हो, आता सलग बसले की पाय सुजून मडक्यासारखे होतात. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आधी घरी बसून बघा, जमलं तर जा, नाहीतर नाद सोडा.

घरात तिकिटं बघायचं खातं माझ्याकडे. मी म्हटलं, कमीत कमी वेळाचं काढायचं, मध्ये थांबायची कटकटच नको. एक लांबलचक उड्डाण, की पोचले! महाग होतं. "एवढ्यात दुकानाला नवे आरसे येतील," काका म्हणाले. पण आराम हवा ना! आणि त्या लांबलचक बसण्याचीच ही तालीम चालली होती.

त्यातही काका खुर्चीत बसायला तयार नव्हते. गिऱ्हाईकाच्या खुर्चीत कारागिराने बसायचं नाही, हा त्यांचा नियम. उस्तादांनी घालून दिलेला. इतक्या वर्षांत टेकलेसुद्धा नाहीत. काकूने पाटी फिरवली आणि म्हणाली, "आता दुकान बंद. बंद दुकानात खुर्ची कुणाची? ज्याने आणली त्याची. बसा गुमान."

तर पहिली तालीम मास्तरांनी बुडवली. पुढच्या सुट्टीला मी पडदा ओढला, दाराला आतून कडी घातली, काकांच्या पोटाला फडकं बांधलं. "हा पट्टा. सोडायचा नाही." बिचारे बसले हो. माझ्या लॅपटॉपवर एक सिनेमा, मग दुसरा. काकू मजेत घोरत होती. दुपारी मी काकांच्या पायांकडे बघितलं. घोटा दिसेना! मोज्याची कड नुसती रुतून बसलेली.

काकांनी मोजा वर ओढला.

"तूच जाऊन ये," काकूला म्हणाले. "मी दुकान बघतो. मास्तरांची दाढी कोण करणार?"

म्हणाले हसतच. पण ते फडकं त्यांनी घडी केलं, उलगडलं, परत घडी केलं. काकू नाही हसली. म्हणाली, "नातवाला काय सांगू? नाक घरी राहिलंय म्हणून?"

मला तर रडूच यायला लागलं. सगळं मीच आखलेलं ना! फोनमध्ये डोकं खुपसून मी आणखी कमी वेळाचं काही मिळतंय का ते शोधत बसले. तेवढ्यात काकूने विचारलं, "त्या दिवशी, मास्तर आले तेव्हा, पाय सुजले होते का गं?"

"कुठून सुजणार? सारखे उठत तर होते!"

काकू माझ्याकडे बघायला लागली. मी काकूकडे.

"मग बाई, न थांबणारं विमान कशाला शोधतेस? भरपूर थांबणारं शोध की!"

अरे देवा! इतकी सोपी गोष्ट! मी सगळं उलटं फिरवलं, आणि जे कुणालाच नको असतं ते भसाभस समोर आलं. तीन विमानं, मध्ये दोन ऐसपैस थांबे. आणि स्वस्त! नव्या आरशांची सोय होईल इतकं स्वस्त!

ताई फोनवर किंचाळलीच. "दोन थांबे? वेड लागलंय का तुला? म्हातारी माणसं आहेत ती!"

काकांनी फोन माझ्या हातातून घेतला. अर्थात नाकाजवळच. "थांब्यावर फिरायला जागा असते का गं?"

"बाबा, विमानतळ असतो तो! अख्खं गाव मावेल!"

"मग हेच काढ," काका मला म्हणाले.

तिसरी तालीम काय रंगली म्हणून सांगू! बसायचं, मग उठून बाजाराच्या टोकापर्यंत चालून यायचं, हा पहिला थांबा. परत बसायचं. दुसऱ्या थांब्याला मास्तरांची दाढी! मास्तर म्हणाले, "परदेशात दाढी केली म्हणून सांगेन सगळ्यांना." संध्याकाळी घोटा जागच्या जागी. डॉक्टरांनी पाय दाबून बघितले, घट्ट मोजे लिहून दिले, आणि म्हणाले, "जा. पाणी पीत राहा, आणि कुणी बसा म्हटलं तरी मधूनमधून उठा." मी विमानाच्या मागच्या बाजूला दोनच सीटची रांग हेरून ठेवली. खिडकी काकूला, वाटेकडची काकांना. जमतील तेवढ्या चकरा मारू देत!

आणि गेले हो! काल पोचले. शेवटच्या विमानतळावर मी गुपचूप चाकांची खुर्ची सांगून ठेवली होती, काकांसाठी. ढकलायला माणूससुद्धा. लांबच लांब चालायचं असतं ना बाहेर यायला. ताई दारात वाट बघत होती, तिने तिथूनच फोटो काढून पाठवलाय.

बघा, हा बघा. खुर्चीत काकू बसलीय राणीसारखी, मांडीवर तीन पिशव्या. ढकलणारा माणूस रिकाम्या हातांनी बाजूने चाललाय, बावचळून. नातू पळत सुटलाय समोरून. आणि खुर्ची ढकलतायत काका, ताठ, भांग पाडलेला, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली.

फक्त बुटांच्या नाड्या तेवढ्या पूर्ण सोडलेल्या आहेत.