दारातली हाक

माझे यजमान जन्मभर पाहुण्यांना जंगलातले बिबटे दाखवत फिरले, आणि मी मात्र एकदाही त्यांच्या जीपमध्ये बसले नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! बिबट्याची मादी पिल्लांना बोलावताना नाकातून हलकेच फुर्र फुर्र करते, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. घरी परतले की बेल न वाजवता ते दाराशी तोच आवाज काढायचे. लेक हातातलं टाकून धावायची. "आली बाई बिबटीण!" म्हणत मी कडी काढायची.

ते गेले आणि जीप लेकीकडे आली. तो आवाज एकदा तरी पुन्हा कानावर पडावा म्हणून मी तिच्या मागे लागले.

"आई, बिबटीण काय तुझ्यासाठी ताटकळत बसलीय?" असं म्हणत ती अखेर मला घेऊन गेली.

बऱ्याच सकाळी वाया गेल्या. मग एकदा ओढ्याकाठच्या खडकावर मादी दिसली. तिने झुडपाकडे तोंड करून फुर्र केलं आणि दोन पिल्लं धडपडत तिच्याकडे धावली. माझा हात आपसूक वर गेला, कडी काढायला.

लेकीने तो हळूच धरून खाली घेतला. "बाबांना जास्त छान जमायचं, नाही गं?"

"हिला अजून सवय व्हायचीय," मी म्हटलं.

पिल्लांना घेऊन ती झाडीत शिरली. पुन्हा हाक येईल म्हणून आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो.