आप्पांची साक्ष

आजारी माणसाची सेवा करण्यासारखं पुण्य जगात दुसरं नाही, याबद्दल घरात पूर्ण एकमत होतं. एकमत इतकं पक्कं, की प्रत्यक्ष सेवा करायची वेळ कोणावरच आली नव्हती. आप्पांना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांचं सगळं पगारी मावशी करत, आणि घरचे दाराशी उभे राहून मावशींना सूचना देत.

अशा घरातल्या नातीला, छकुलीला, नर्सिंगच्या डिग्रीला प्रवेश मिळाला. छकुली म्हणजे खांद्यांनी रुंद, दाराची चौकट भरून टाकणारी मुलगी. नाव लहानपणी पडलं होतं आणि नंतर कोणी त्याचा फेरविचार केला नव्हता. विद्यापीठाचं कॉलेज दुसऱ्या शहरात, राहायला हॉस्टेल, आणि सुरू व्हायला अजून दोनेक महिने. तिने पांढरे बूट घेतले, छातीवर उलटं लटकवायचं घड्याळ घेतलं, आणि ओळखीतल्या एका मुलीकडून पहिल्या वर्षाचं जाडजूड पुस्तक आणलं. पुस्तकात त्या मुलीने हृदयाला गुलाबी आणि मूत्रपिंडाला हिरवा रंग दिला होता. पुढे एकतर तिचा उत्साह संपला असावा किंवा रंग.

पुढची कल्पना काकांची. काका विमा कंपनीत होते, त्यामुळे दुसऱ्याच्या आजारपणाकडे ते नेहमीच आशेने बघत.

"अगं, जिवंत पेशंट घरात पडलाय आणि तू पुस्तकात डोकं खुपसून बसलीयस? बाकीच्या पोरी कॉलेजात कोऱ्या पाट्या घेऊन येतील. तू तयार होऊन जा!"

"पण मावशी करतात ना सगळं."

"मावशींना काय डिग्री घ्यायचीय?"

मावशींना डिग्री घ्यायची नव्हती, सबब महिनाअखेरीस त्यांना निरोप मिळाला. त्यांनी दोन गल्ल्या सोडून दुसरं घर धरलं.

छकुलीला ही कल्पना मनापासून आवडली होती, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. ती पुस्तक उशाशी उघडं ठेवून आप्पांवर एकेक प्रकरण उतरवू लागली. आप्पांच्या खाली चादर आडवी दुमडून घालायची, तिची कड दोन्ही मुठींत धरायची, आणि माणूस न ओढता चादर ओढायची. दर दोन तासांनी कूस बदलायची: डावी, पाठ, उजवी. टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत. पाठ कोमट पाण्याने पुसायची आणि मग नुसती पुसायची नाही, डोळ्यांत तेल घालून बघायची, कुठे लाली आलीय का.

आप्पा उभा जन्म कोर्टात कारकून होते. हजारो साक्षीदारांना त्यांनी शपथ दिली होती, आणि त्यातले किती खरं बोलले हे घरी येऊन जेवताना सांगितलं होतं. झटक्याने त्यांची डावी बाजू गेली, वाचाही गेली. शिल्लक राहिले ते तीन शब्द: 'हो', 'नको' आणि 'च्यायला'. पैकी तिसरा सर्वांत स्पष्ट.

"आप्पा, आता डावी कूस."

"च्यायला."

"ते ठीकय, पण डावी कूस."

उशीर झाला की आप्पा चांगल्या हाताने तिच्या घड्याळावर टिचकी मारत. उलटं लटकणारं घड्याळ पेशंटला सुलटं दिसत नाही, हे त्यांना ती समजावून सांगे. ते "हो" म्हणत आणि पुन्हा टिचकी मारत.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी आप्पांची पाठ उघडून बघितली आणि घरच्यांना बोलावून दाखवली. "एक ओरखडा नाही. ही पोरगी नाव काढणार."

घरच्यांनी ते ऐकलं. नाव काढायला लांब जायची काय गरज, हा विचार त्या दिवशी पहिल्यांदा घरात शिरला असावा.

कॉलेज आठवड्यावर आलं तेव्हा छकुलीने जेवताना विषय काढला. आप्पांची कॉट शेजारच्याच खोलीत, दार सताड उघडं.

"मावशींना परत बोलवायचं ना?"

"बघू," आई म्हणाली. "माझी कंबर तर तुला माहितीये."

"एक वर्ष थांब की," काका म्हणाले. "कॉलेज काय पळून चाललंय? वर्षभराचा अनुभव म्हटल्यावर थेट दुसऱ्या वर्षाला घेतील."

"असं घेत नाहीत, काका. जागा जाईल माझी."

"विचारलंस?"

"नाही, पण—"

"मग!"

तिने वडिलांकडे बघितलं. "तू तुझ्या मनाला विचार," वडील म्हणाले आणि हात धुवायला उठले. ते ताटात अर्धं जेवण टाकून उठले होते, पण जबाबदारी आली की त्यांची भूक भागत असे.

छकुली पाणी घेऊन आप्पांकडे गेली. ते छताकडे बघत ओठ हलवत होते. पाणी नको म्हणाले.

सकाळी ती कूस बदलायला गेली, तर आप्पांनी चांगल्या हाताने कॉटची दांडी घट्ट धरली आणि जो आरडाओरडा केला, त्याने सगळं घर दाराशी जमलं.

"मा... मारते," आप्पा म्हणाले.

महिनोन् महिन्यांत नवा शब्द आला होता. दुसऱ्या घरी पेढे वाटले असते.

"कोण मारतं, आप्पा?" काकांनी विचारलं.

उजव्या हाताचं बोट उठलं आणि छकुलीवर स्थिरावलं. मग त्याच हाताने त्यांनी डाव्या दंडावरची बाही वर सारली. दंडावर चिमट्यांचे निळे डाग होते, चांगले ताजे.

"छकुले," आई म्हणाली, "तू?"

लुळ्या पडलेल्या, टाचणी टोचली तरी न कळणाऱ्या हाताला कोणी चिमटे काढले हे आप्पांना कळलं कसं, असा प्रश्न कोणी विचारला नाही. काल रात्री त्या दंडावर एक डाग नव्हता, हे फक्त छकुलीला माहीत होतं. तिने आप्पांच्या उजव्या हाताकडे बघितलं. परवाच त्याची नखं कापायची तिच्याकडून राहून गेली होती.

साक्ष कशी टिकते, हे आप्पांना उभ्या जन्मात पाठ झालं होतं. थोडक्यात बोलायचं, बोट सरळ दाखवायचं, आणि उलटतपासणीच्या वेळी आजारी असायचं.

"आई, मी काही—" छकुलीने तोंड उघडलं.

"नको," आप्पा म्हणाले. ते तिच्याकडेच बघत होते.

एका वाक्यात ती सुटली असती. सुटली असती आणि इथेच राहिली असती. पेशंटचं म्हणणं मधे न बोलता ऐकून घ्यावं, असं पुस्तकात लिहिलं होतं. तिने तोंड मिटलं.

"शरम वाटायला पाहिजे!" काका कडाडले. "असली मुलगी पेशंटजवळ एक दिवस ठेवायची नाही!"

म्हणून तिला शेकडो पेशंट असलेल्या हॉस्पिटलच्या कॉलेजात पाठवायचं ठरलं. त्यात कोणाला काही खटकलं नाही.

निघायच्या दिवशी तिला खोलीत जाऊ दिलं नाही. ती इतरांसारखी दाराशी उभी राहिली.

"आप्पा, येते."

"हो," आप्पा म्हणाले, आणि मग फार हळू, "च्यायला."

ते पाठीवर होते. सकाळपासून पाठीवरच होते. तिचा हात घड्याळाकडे गेलेला बघून आई म्हणाली, "आम्ही आहोत ना."

मावशी काही परत आल्या नाहीत. नव्या घरी त्यांचं बरं चाललं होतं. मग सेवा वाटून घेण्यात आली. कूस आईने बदलली असेल असं वडिलांना वाटे, वडिलांनी बदलली असेल असं काकांना, आणि काकांना विचारायचं धाडस कोणाला नव्हतं. फोनवर छकुलीला आधी कळलं की माकडहाडाजवळ जरा लाल झालंय. नंतर कळलं की वास येतो. पुढे काय होतं ते पुस्तकात चित्रांसह होतं. त्या पानाला कोणी रंग दिला नव्हता.

"त्यांची कूस बदला," ती म्हणे.

"तू आता आम्हाला शिकव," आई म्हणे.

ताप चढला तो उतरला नाही. काकांचा फोन आला तेव्हा ती प्रॅक्टिकलच्या खोलीबाहेर उभी होती.

"सुटले बिचारे," काका म्हणाले. "शेवटी सगळे होतो आम्ही जवळ. आणि हे बघ, तुझ्याबद्दल मनात काही ठेवलं नाही हो त्यांनी. मोठं मन."

"हो," छकुली म्हणाली.

मग ती आत गेली, कारण हजेरी घेत होते. पहिल्या सहामाहीत पेशंटला हात लावू देत नाहीत. त्या महिन्यात फक्त रिकाम्या कॉटवर चादर घालायला शिकवत होते.