बांबूची दुर्बीण अन् मामाजींचा डोंगा

माझं तोंड मोठं आहे, हे साऱ्या मार्कंडा गावाले माहीत आहे. मी आंगणात बोलली का वैनगंगेच्या त्या काठची कुत्री भुंकतात, असं आमचे मास्तर म्हणतात. मास्तर म्हणजे माझा नवरा, मनसाराम. मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरातला पहिला शिकलेला माणूस, शाळेत विज्ञान शिकवते, अन् घरी बायकोपुढे मुकाट बसते. म्हणतात तसं म्हणू द्या. ज्याचं घर चालवाचं असते त्याले आवाज लागतेच.

अन् माझे सासरे लटारू. आमच्याकडे सासऱ्याले मामाजी म्हणतात. मी लग्न होऊन आली तेव्हाच त्यायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. त्यामुळं सुनेचं तोंड त्यायनं कधी पाह्यलं नाई, ऐकलं मात्र रोज.

त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात नदीच्या त्या काठी डोळ्यांचा कॅम्प भरला. मी तेव्हा बाळंतपणाले माहेरी, मुलचेऱ्याकडं होती. ऑपरेशन झालं, पट्टी सुटली, अन् मंग काई दिवसांनी मामाजी एकलेच डोंग्यात, आपल्या लहानशा नावेत बसून जाड काचेचा चष्मा आणायले गेले. मी पोट्टी घेऊन घरी आली, तं मामाजी तसेच चाचपडत!

"ऑपरेशन फुकट गेलं, सूनबाई," म्हणे. "चष्म्यानं बी काई दिसे नाई. टाकून देल्ला."

मी त्या कॅम्पच्या नावानं अशी बोटं मोडली का विचारू नका.

तरी मामाजी डोंगा घेऊन नदीवर जातच होते. जन्म गेला त्या डोहात, हातालेच वाट माहीत, असं म्हणत. पण चैतात डोंगा खडकावर आदळला अन् ते पाण्यात पडले. लोकायनं काढलं म्हणून वाचले. मंग मास्तरनं ठरवलं, डोंगा पोचूले देऊन टाकाचा. पोचू मामाजींचा भाचा, नदीपल्याड राह्यते. तेंदूपत्ता तोडून झाला का एका आयतवारी येतो म्हणाला.

 मामाजींचं जेवणावरचं मन उडालं. एक दिवस पेज देता देता मी रागावली, तं हळूच म्हणाले, "डोंगा गेला का मी कोण व, बाई? खाटेवरचं गाठोडं."

मले भडभडून आलं. पण न दिसणाऱ्या माणसाले नदीवर कोण पाठवीन? मीही मास्तरच्याच बाजूनं होती.

त्याच उन्हाळ्यात, म्हणजे चौऱ्याऐंशीच्या, मास्तरले दुर्बिणीचं खूळ लागलं. नागपूरवरून भिंग आणलं. जाड बांबूच्या गाठी आतून फोडल्या, एका तोंडाले भिंग बसवलं, दुसऱ्या तोंडात सायकलच्या पंपाची नळी, अन् नळीत बारीक भिंग. नळी मागं-पुढं सरकवली का चित्र साफ होते. माझी पाण्याच्या गुंडाची तिवई उचलून त्यावर बांबू ठेवला. मी घर डोक्यावर घेतलं, पण तिवई काई परत भेटली नाई.

खरं सांगू? पहिल्या दिवशी मी डोळा लावला अन् माझा आवाजच बसला. इवलासा पिवळा दाणा, अन् त्याच्याभोवती कडं. शनी! ज्याच्या नावानं लोकं तेल वाहतात तो असा नटूनथटून बसला आहे? बाजूले लालबुंद मंगळ होता, पण तो नुसताच लाल. मले शनीच आवडला.

उन्हाळ्यात आमच्याकडं सारं गाव आंगणात खाटा टाकून निजते. रोज सांजच्याले जेवणं आटपली का शेजारपाजारचे आमच्याच आंगणात. तेंदूपत्ता तोडून थकलेल्या बायासुद्धा रांगेत उभ्या. सगळ्यांत पुढं अंजनाबाई, आमची शेजारीण. शनी पाह्यल्याबिगर तिले झोप येत नसे.

एके रात्री मामाजी म्हणाले, "मले बी पाहू द्या."

"बाबा, तुमाले काय दिसणार?" मास्तर म्हणाले. मी डोळे वटारले, तेव्हा बाजूले सरकले. मामाजी बसले, बांबू चाचपला, नळी चाचपली, जाळं सोडवल्यासारखी बराच वेळ खुडबुड केली. अन् मंग म्हणाले, "दाण्याले कडं घातलं आहे."

"हे तं सारे म्हणूनच राह्यले," मास्तर माझ्या कानात म्हणाले. "ऐकून सांगतात."

त्यायच्यामागं अंजनाबाईनं डोळा लावला अन् किंचाळली, "अवो मास्तर, शनी विरघळला!"

मी पाह्यलं. खरंच नुसता पिवळा गोळा, दुधात सांडल्यावाणी. मास्तरनं नळी मागं-पुढं केली अन् पुन्हा साफ झालं. पण दुसऱ्या दिवशी मामाजींनी पाह्यलं, अन् पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी अंजनाबाई घरून मीठ-मिरच्या घेऊनच आली. दुर्बिणीवरून तीनदा उतरवून चुलीत टाकल्या. सारं आंगण खोकलून खोकलून बेजार. तेवढ्यात मास्तरनं नळी सरकवली, शनी कडं घालून हजर, अन् नाव झालं अंजनाबाईचं.

"लटारूभाऊची दृष्ट लागते व दुर्बिणीले," ती म्हणाली. "त्यायले पाहू देऊ नका."

माझा असा भडका उडाला! "तुह्या मिरच्या घे अन् नीघ," म्हटलं. पण मामाजी उठले, भिंत धरत धरत खाटेवर गेले अन् तोंड फिरवून निजले. मंग काई दुर्बिणीजवळ आले नाई.

पोचूचा आयतवार आला. ऊन उतरल्यावर पोचू आला, चहा पेला, अन् डोंगा सोडून निघाला. आमचं आंगण उंचावर आहे, तिथून सारा डोह दिसते. मामाजी नदीकडं पाठ करून बसले होते. मले राहवलं नाई. तिवई उचलली, दुर्बीण नदीकडं वळवली, बांबूवरून अंदाजानं नेम धरला अन् म्हटलं, "मामाजी, जाता जाता तरी एकदा पाहा."

"काऊन म्हाताऱ्याचा जीव खाते?" मास्तर म्हणाले.

मामाजी आले. बांबू इकडून तिकडं हलवला, नळी ओढली. अन् एकाएकी असे ओरडले का मी हरली त्यायच्यापुढं.

"डोंगा पालथा झाला! पोचू खाली, डोंगा वर! बुडाला माहा पोचू!"

अन् धावले. भिंत नाई, काठी नाई, सरळ घाटाच्या पायऱ्या. एका पायरीवर पडले, उठले, अन् धोतरासकट कंबरभर पाण्यात. आमी मागून धावतच होतो. मी तं पोचूच्या बायकोच्या नावानं रडायलेही लागली होती.

काठावर येऊन पाहतो, तं पोचू डोहाच्या मधात, डोंग्यात आरामात बसून बिडी ओढत आहे. गलका ऐकून त्यानं हात हलवला. "काय झालं वो, मामा?"

सारे पोट धरधरून हसले. दुर्बिणीत सारं उलटं दिसते, हे मास्तरनं कोणाले सांगितलंच नव्हतं. शनीचं काय उलटं अन् काय सुलटं!

पण मास्तर हसले नाई. ते पाण्यात उतरले, मामाजींचा दंड धरला अन् म्हणाले, "बाबा, तुमाले एवढ्या दुरून डोंगा दिसला?"

मामाजी भिजलेलं धोतर सावराले लागले.

"अन् शनी बी खराच दिसे? तुमी नळी ओढता, ते जाड चष्म्याचं काम होते, अन् म्हणूनच तुमच्यामागं आमाले शनी विरघळलेला दिसे. तुमचे डोळे चांगले आहेत! मंग चष्मा कुठी आहे?"

मामाजींनी डोहाकडं बोट केलं. "तिथी," म्हणे. "आणला त्याच दिवशी. मधात आलो अन् पाण्यात मासा दिसला, रे. एक एक खवलं दिसे. कितीक वर्षांनी! वाकलो जवळून पाहाले, अन् नाकावरून गेला."

"अन् तुमी ऑपरेशन फुकट गेलं म्हणून सांगितलं?" मी ओरडली. "काऊन पण?"

मामाजी आवाजाच्या अंदाजानं माझ्याकडं वळले. "तुलेच भेवून, बाई. नवा चष्मा बुडवला म्हटलं असतं, तं तुह्या तोंडाले तोंड कोण देल्लं असतं? आंधळं राहणं सोपं वाटलं."

कोणी हसलं नाई.  तिथीच, पायरीवर बसून मी पदर तोंडाले लावला अन् रडली. एवढा मोठा माणूस, अन् माझ्या आवाजाच्या भेवानं सारा हिवाळा, सारा उन्हाळा अंधारात बसला.

 सारं ऐकून पोचूनं डोंगा वळवला, काठाले आणला अन् दोर मामाजींच्या हातात देल्ला.

दोन-चार दिवसांत मास्तरनं गडचिरोलीवरून नवा चष्मा आणला. मी त्याच्या काड्यांले जाळ्याची दोरी बांधली, अन् दोरीले भेंडाचे दोन हलके तुकडे ओवले, जाळं तरंगावं म्हणून लावतात ते. आता पडला तरी बुडणार नाई. अन् मंग चष्मा मामाजींसमोर धरला.

मामाजींनी चष्मा चढवला. मले वाटलं, आधी नदीकडं पाहतीन, डोंग्याकडं पाहतीन. ते माझ्याकडंच पाहत राह्यले, खालून वर.

"हे तूच काय व, गोकुळा?" म्हणे. "आवाजावरून मले वाटे, सून दारात मावत नसंन. तू तं एवढीशीच पोरगी आहेस!"