तीन सूत कमी भरलेला हात

संघ निवडणाऱ्या साहेबांनो, तुम्ही ओटिसचा हात कापलात. तीन सूत कापलात, अर्धा इंचही नाही. रक्त आलं नाही, म्हणून तुम्हाला वाटतं काही झालंच नाही. तुमचं नाव मी घेत नाही, कारण मला ते ठाऊकच नाही. मला तुमचा फक्त आकडा ठाऊक आहे. एकतीस. ज्याचा हात एकतीस इंचांच्या आत, त्याचं नाव तुमच्या यादीत राखाडी होतं, आणि राखाडी झालेल्या पोराचा खेळ पुन्हा कुणी उघडून बघत नाही. नियम तुमचा. हत्यार मात्र मी झाले.

मित्रांनो, मी एक जुनी इंचटेप आहे. शिवणाऱ्या बाईच्या गळ्यात असते ना, तसली. साठ इंच लांब, पिवळी, दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या. कापडाच्या पट्टीवर रोगण चढवून माझ्यावर आकडे छापले, तेव्हा मी अगदी खरी होते. माझा इंच म्हणजे इंच. पुण्यात तुळशीबागेत एका टोपलीत माझ्यासारख्या चाळीसेक गुंडाळ्या पडल्या होत्या. त्यांतून शुभानं मला उचललं. ती तेव्हा शिवणक्लासला जायची. तिच्या बाईंनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की कात्री चुकली तर कापड जातं, पण टेप चुकली तर गिऱ्हाईक जातं.

मग लग्न झालं आणि शुभा शशिकांतरावांबरोबर अमेरिकेला निघाली. विमानतळावर बॅग ओव्हरवेट झाली. खालचं वर, वरचं खाली करताना चेन फाटली. रांग मागे तुंबलेली. शशिकांतरावांनी शिवणाच्या पिशवीतून मला ओढून काढलं, बॅगेला वेढा दिला, बॅगेवर पाय ठेवला आणि जीव खाऊन आवळलं. माझ्या अंगातून कर्रकन आवाज आला. शिकागोपर्यंत मी तशीच ताणलेली होते. बॅग वाचली. मी नाही वाचले.

शिकागोजवळच्या शॉमबर्गला पोचल्यावर शुभानं मला किचनच्या ओट्यावर सरळ अंथरलं आणि शेजारी स्टीलची पट्टी ठेवली. बघते तर काय, मी लांबले होते. माझ्यावरचा एकेक इंच आता खऱ्या इंचापेक्षा मोठा होता, त्यामुळे मी जे मोजेन ते कमीच भरणार. दुसरी कुणी असती तर मला केराच्या डब्यात टाकती. शुभानं हिशेब बसवला. दहाला एक सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. माझ्यावर दहा इंच भरले की ती मनात एक सूत मिळवायची, वीस भरले की दोन. कुठे लिहून ठेवलं नाही, कुणाला सांगितलं नाही. सगळं तिच्या डोक्यात. वीस वर्षं महाराष्ट्र मंडळातल्या बायकांची ब्लाउजं तिनं माझ्यावर शिवली आणि एकही बाही चुकली नाही. पद्मजाताई म्हणायच्या, "शुभा, पुण्यातल्या टेलरला असं बसवता येत नाही." मला वाटायचं, यात थोडं माझंही आहे. नव्हतं. मी खोटं बोलत होते आणि शुभा ते निमूटपणे दुरुस्त करत होती.

पुढे ऑनलाइन ब्लाउजं यायला लागली. बिस्किटांच्या ज्या डब्यात सुया-दोरे असतात, त्यात मी पडून राहिले. वर्षावर्षात कुणी झाकण उघडेना.

आता देवदत्त. हा शुभाच्या बहिणीचा मुलगा, नागपूरचा. इथे येऊन स्टॅटिस्टिक्समध्ये मास्टर्स केलं आणि चक्क एका व्यावसायिक फुटबॉल संघात लागला. फुटबॉल म्हणजे अमेरिकेतला, अंड्यासारख्या चेंडूचा. दर एप्रिलला ड्राफ्ट असतो. सगळे संघ आळीपाळीनं कॉलेजातल्या मुलांची नावं पुकारतात, ज्याचं नाव आलं त्याचं सोनं झालं. देवदत्तचं काम एकच, कॉर्नरबॅक बघायचे. चेंडू झेलायला धावणाऱ्या गड्याला जो सावलीसारखा चिकटतो, उलटा पळत पळत एकदम कंबर फिरवतो आणि ऐन वेळी हात घालून चेंडू उडवतो, तो कॉर्नरबॅक. हात लांब हवा, हे खरं. पण किती लांब, ते वर बसलेल्या कुणीतरी एका दुपारी ठरवलं आणि सॉफ्टवेअरमध्ये घालून टाकलं.

देवदत्त मावशीच्या बेसमेंटमध्ये राहायचा आणि दिवसभर व्हिडिओ बघायचा. त्या वर्षी त्यानं एक पोरगा शोधला होता. आमच्याच इलिनॉय राज्यातलं एक छोटं कॉलेज, जिथे कुणी फिरकत नाही. पोराचं नाव ओटिस. "मावशी, याची कंबर बघ," देवदत्त लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात यायचा. "आधी भाजी ढवळ," मावशी म्हणायची. मग दोघं बघायची. शेवटी शेवटी शुभालाही ओटिस ओळखू यायला लागला. "हा बघ तुझा, मागच्या मागे पळणारा," ती म्हणायची.

मार्चमध्ये त्या कॉलेजात मोजमापाचा दिवस ठरला. मोजायला जायचे ते ब्रॅनिगन, देवदत्तचे वरिष्ठ, तीस वर्षं मुरलेले स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे. बर्फामुळे त्यांची फ्लाइट कॅन्सल झाली. सकाळी सहाला फोन आला, "तू जा. दोन तासांचा ड्राइव्ह आहे. उंची, वजन, हात, पंजा. टेप आहे ना?"

"आहे," देवदत्त म्हणाला.

नव्हती. स्टीलची टेप ब्रॅनिगनच्या बॅगेत, आणि बॅग डेन्व्हरला अडकलेली. मावशी कामावर गेली होती. देवदत्तनं बिस्किटांचा डबा उघडला, मला खिशात घातलं आणि निघाला. वाटेत हार्डवेअरची दोन दुकानं लागली. थांबला नाही. घरात टेप असताना नवी कशाला घ्यायची? ही शिकवण आपल्याकडे दुधाबरोबर पाजतात. त्या दिवशी ती एका पोराला नडली.

जिममध्ये दोन संघांची दोन माणसं. दुसऱ्या संघाचा माणूस म्हणाला, "तू मोज, मी उतरवून घेतो." म्हणजे साक्षीदार असून नसल्यासारखा. ओटिसनं शर्ट काढला. देवदत्तनं माझं एक टोक त्याच्या खांद्याच्या हाडावर ठेवलं आणि मला मधल्या बोटाच्या शेंड्यापर्यंत नेलं. मी श्वास रोखला. तीस इंच आणि सहा सूत. एकतीसला दोन सूत कमी.

"किती?" ओटिसनं विचारलं.

"थर्टी अँड थ्री-क्वार्टर्स."

"पुन्हा बघता का, सर? मी बोट नीट ताणलं नव्हतं."

देवदत्तनं पुन्हा मोजलं. तेवढंच. तिसऱ्यांदा मोजलं. तेवढंच. खोटारड्याला दहादा विचारलं तरी तो तेच सांगतो, मित्रांनो. मला ओरडावंसं वाटत होतं, की दहाला एक सूत मिळव, तीसला तीन सूत मिळव, हा हात एकतीसच्या पार आहे. पण टेपेला तोंड नसतं. तिच्यावर फक्त आकडे असतात, आणि आकड्यांवर माणसं डोळे मिटून विश्वास ठेवतात.

त्याच संध्याकाळी ओटिसचं नाव राखाडी झालं. देवदत्तनं रिपोर्टमध्ये दीड पान लिहिलं होतं, पाय कसे, कंबर कशी, घाबरत कसा नाही. ते कुणी उघडलं नाही. राखाडीचं कोण उघडतंय?

ड्राफ्टला बारा दिवस राहिले होते. शनिवार होता. मंडळाच्या कार्यक्रमासाठी शुभानं शिवायला काढलं आणि डब्यात मी नाही.

"देवा, माझी टेप पाहिलीस?"

"माझ्या जॅकेटात आहे मावशी. सॉरी. ओटिसला मोजायला नेली होती."

शुभाचा हात थांबला. "काय मोजलंस?"

"हात."

"किती भरला?"

"पावणेएकतीस. जाऊ दे, दोन सुतांनी गेला बिचारा."

"अरे बाबा," शुभा खाली बसली, "ती ताणलेली आहे. दहाला एक सूत मिळवावं लागतं तिला. मला विचारायचंस तरी."

शशिकांतराव सोफ्यावरून म्हणाले, "सगळं जग डेटा डेटा करतंय, आणि हा पोरगा मावशीची टेप घेऊन अमेरिका मोजायला गेला."

देवदत्तनं स्टीलची पट्टी आणली आणि मला ओट्यावर अंथरलं. तीसवर बरोबर तीन सूत. मला वाटलं, आता हा फोन उचलेल. त्यानं उचलला, नंबर काढला आणि ठेवून दिला.

का, ते सांगते. त्याचं ग्रीन कार्डचं काम कंपनीच्या टेबलावर होतं. त्या महिन्यात ते कागद पुढे जायचे की नाही, ते ठरणार होतं. अशा वेळी वर जाऊन सांगायचं, की साहेब, मी ब्लाउजं शिवायच्या टेपेनं माप घेतलं? व्हिसावर राहणाऱ्या माणसाला चूक परवडत नाही, आणि कबुली तर त्याहून परवडत नाही. हे मी त्याच्या बाजूनं सांगते आहे. पण एवढंच सांगून सोडणार नाही. तो आठ दिवस गप्प बसला. जेवला नाही धड, झोपला नाही, मला खिशात घेऊन ऑफिसला जायचा आणि बोटाभोवती गुंडाळत राहायचा. ब्रॅनिगन समोरून जात आणि हा स्क्रीनकडे बघत राही. भित्रा म्हणा. मी म्हटलंय.

आठव्या दिवशी शुभानं ताट वाढलं आणि त्याच्यासमोर बसली. "देवा, मी वीस वर्षं बायकांची मापं घेतली. माझ्याकडून एखादं ब्लाउज घट्ट झालंच, तर मी बाईला घरी बोलावून उसवून देते. तू काय करणार आहेस?"

"मावशी, माझे पेपर्स अडकतील."

"अडकतील. मग?"

तो जेवण तसंच ठेवून उठला, स्टीलची टेप विकत आणली आणि गाडी काढली. मी खिशातच होते. रविवार होता. ओटिस कॉलेजच्या मैदानात एकटाच उलटा पळत होता. देवदत्तनं त्याला सगळं सांगितलं आणि नव्या टेपेनं माप घेतलं. एकतीस आणि एक सूत. त्याच्या प्रशिक्षकांनी कागदावर सही केली.

ओटिस आधी हसला. "म्हणजे माझा हात वाढला?" मग त्यानं विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं?"

देवदत्तला खोटं बोलता आलं असतं. "आठ दिवस झाले," तो म्हणाला.

ओटिसनं शर्ट घातला. "आठ दिवस," एवढंच म्हणाला आणि पुन्हा पळायला गेला.

सोमवारी देवदत्तनं ब्रॅनिगनना सांगितलं. त्यांनी मला हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं. "तीस वर्षांत मीही कधी टेप तपासली नाही," ते म्हणाले. ओरडले नाहीत. "पण यादी आज सकाळी लॉक झाली, पोरा. वर लिही. वरचेच उघडू शकतात." देवदत्तनं दुपारी वर लिहिलं. सहीचा कागद जोडला, माझा फोटो जोडला, चूक आपली आहे हे पहिल्याच ओळीत लिहिलं. दर पाच मिनिटांनी मेल बघत राहिला. उत्तर आलं नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही.

गुरुवार ते शनिवार ड्राफ्ट झाला. शशिकांतरावांनी टीव्ही लावून ठेवला होता. अडीचशेच्या वर नावं पुकारली. शुभानं तीन दिवस स्वयंपाकघरातून कान लावला होता. ओटिसचं नाव आलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी असेल. वजनकाटा असेल, घड्याळ असेल. वर्षातून एकदा आम्हाला तपासा. म्हाताऱ्या वस्तूला फेकू नका, पण तिच्यात काय बिघडलंय ते घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. शुभानं आता माझ्या पाठीवर मार्करनं लिहिलंय, दहाला एक सूत. मला लाज वाटली नाही. हलकं वाटलं. आपली खोट अंगावर लिहिलेली असली की आपल्या हातून कुणाचं वाटोळं होत नाही.

आणि आता तुम्ही, वरचे. मी खोटी निघाले, ते मी कबूल केलं. देवदत्त भ्याला, त्यानं सहीनिशी कबूल केलं. तुमचं काय? ज्यांची नावं पुकारली गेली नाहीत, त्यांतल्या काही मुलांना तुम्ही येत्या शुक्रवारी मैदानावर बोलावून बघणार आहात. ती यादी लॉक झालेली नाही, मी ऑफिसात ऐकलंय. ओटिस रोज पळतोय आणि फोन पँटच्या खिशात ठेवून पळतोय. सोमवारी दुपारी गेलेला मेल तुम्ही उघडलात की नाही? उघडला असेल, तर त्या पोराला शुक्रवारी बोलावणार आहात की नाही? हो म्हणा, नाही म्हणा. पण शुक्रवारच्या आत उत्तर द्या.