फारुखचाचांचे आकडे

चोपड्यात फारुखचाचांचं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरून द्यायचं दुकान. हाताखाली दोन माणसं, प्रशील आणि कुंदाबाई, आणि दोघंही अडाणी आहेत असं चाचांचं ठाम मत. हे मत ते गिऱ्हाइकांना त्या दोघांच्या देखतच चहा पिता पिता ऐकवत. त्यापायी मक्केला उमराहला जाणं दरसाल पुढे ढकललं जाई. हुस्नबानोचाचींच्या पासपोर्टची मुदत कपाटातच संपली, मग नवा काढला. "दुकान कुणाच्या भरवशावर टाकू?" असं चाचांनी म्हटलं, की चाची कांदा जरा जोरात चिरायच्या.

यंदा मात्र त्या हटून बसल्या. "दोन दिवस भुसावळला माझ्या बहिणीकडे चला. कुणाला काय येत नाही ते कळेल तरी. नुसतं अडाणी म्हणून काय होतं?"

चाचा लगेच तयार झाले, कारण आपल्यामागे दुकान बसणार याची त्यांना खात्री होती. भर उन्हाळा, केळीला पाणी हवं आणि पंपांच्या जळालेल्या मोटारींची दारात रांग.

यष्टीने यावल ओलांडलं नाही तोच फोन वाजला. "चाचा, झुलाल आबानी मोटर शे. तारना कितला फेरा मारू?" प्रशील विचारत होता. चाचांनी पाठ असलेला आकडा सांगितला आणि चाचींकडे बघितलं. मग कुंदाबाईंचा फोन, तार कोनती लावू? साडूच्या घरी ताटावर बसले तरी फोन थांबेनात. चाचांची कळी खुलत चालली होती. खोटं कशाला बोला, आपल्यावाचून कुणाचं अडलं की माणसाला बरं वाटतंच.

"बघितलंस? काही म्हणता काही येत नाही."

चाचींनी प्रत्येक फोन कान देऊन ऐकला होता. "मोटार कशी खोलायची, हे विचारलं?"

"ते येतं त्यांना."

"तार भरायला? जोडायला?"

"तेही येतं."

"मग सगळे फोन एकाच गोष्टीचे. फेरे किती आणि तार कोणती. तुम्हाला कसं कळतं ते?"

"जळालेली तार काढताना मोजतो. एकदा मोजलं की त्या मोटारीचा आकडा पाठ."

"त्यांच्यासमोर?"

मोजायची वेळ आली की चाचा भिंतीकडे तोंड करून बसत आणि वळून नुसता आकडा सांगत. त्यांचे उस्तादही तसंच करायचे. मोजणं शिकवलं की कारागीर उद्या समोरच दुकान थाटतो, ही धंद्यातली जुनी भीती.

"ते अडाणी नाहीत, तुम्ही त्यांना अडाणी ठेवलंय," चाची म्हणाल्या. "आणि त्यांच्यापायी मलाही अडकवून ठेवलंय."

चाचांना आधी राग आला, मग लाज वाटली. पुढच्या फोनला त्यांनी आकडा सांगितला नाही. "जळालेली तार फेकू नको. स्पीकर लाव, कुंदाबाईला जवळ बोलव," असं म्हणून वेटोळं कसं सोडायचं, फेरे कसे मोजायचे, जाडी कशी मापायची, सगळं सांगून टाकलं. कठीण त्यात काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फोन वाजलाच नाही. चाचांनी रेंज बघितली, चार्जिंग बघितलं. शेवटी स्वतःच लावला.

"बठ्ठं बराबर शे, चाचा," प्रशील म्हणाला. मागे मोटार फिरल्याचा आवाज येत होता. "तुम्हनं काही काम व्हतं का?"

"नाही रे."

फोन खिशात घालून चाचा चाचींना म्हणाले, "तुझा पासपोर्ट कुठे ठेवलास?"

चाचींनी पिशवीत हात घातला आणि दोघांचे पासपोर्ट समोर ठेवले. घरून निघतानाच त्यांनी ते बरोबर घेतले होते.